धोतऱ्यातील ॲट्रोपीन : विष आणि विषावरील उतारा

महाशिवरात्रीला शिवपिंडीवर बेलाच्या पानांबरोबर धोतऱ्याचे फूल आणि काटेरी फळ वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. गावाच्या उकिरड्यावर, पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या बांधावर आपोआप उगवणाऱ्या या झुडपाकडे एरवी कोणाचे लक्षही जात नाही. जनावरेही सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. तथापि या झुडपात व त्याच्या जातभाईंत सापडणाऱ्या द्रव्यांच्या गटातीलच ॲट्रोपीन हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सर्वत्र हाताशी ठेवावे लागते. कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचा प्राण पुष्कळदा याच औषधावर अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. उलट, धोतऱ्याचे बी किंवा फळ पोटात गेल्याने माणसे बेभान होतात, आणि क्वचित दगावतातही. एकाच द्रव्याची ही दोन रूपे कशी संभवतात, त्याचा उपयोग कोठे होतो आणि धोका कोठे सुरू होतो, याची माहिती ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला असणे इष्ट आहे.

धोतऱ्याची ओळख

वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू ही पिके ज्या कुलात मोडतात, त्याच कुलात धोतऱ्याचा समावेश होतो. त्याच्या अनेक जाती आहेत. पांढऱ्या फुलांचा धोतरा सर्वांच्या परिचयाचा आहे. जांभळट खोडाच्या व फुलांच्या प्रकाराला काळा धोतरा म्हणतात. कर्ण्याच्या आकाराची लांब फुले सायंकाळी उमलतात. फळ गोलसर असून त्यावर काटे किंवा बोथट उंचवटे असतात, आणि आत चपट्या बियांची दाटी असते. मूळ, पान, फूल, फळ व बी असे झाडाचे सर्वच भाग विषारी असले, तरी बी आणि फळ यांच्यापासून अपघात अधिक होतात.

संस्कृतात या वनस्पतीला धत्तूर, कनक आणि उन्मत्त अशी नावे आहेत. यांपैकी उन्मत्त हे नाव तिचा परिणाम पाहूनच दिले गेले असावे. आयुर्वेदात श्वासविकारावर व वेदनेवर तिचा उपयोग सांगितला आहे. मात्र बियांचे शोधन केल्यावाचून त्या औषधात घालू नयेत, असा दंडक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ई (१) या अनुसूचीत आयुर्वेदीय औषधांतील विषारी द्रव्यांची यादी दिली असून तीत धोतऱ्याचा अंतर्भाव आहे. अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. जुन्या वैद्यांनी आणि आधुनिक कायद्याने या वनस्पतीविषयी सारखीच सावधगिरी बाळगली आहे, हे यावरून दिसून येते.

धोतऱ्याचा गुन्ह्यासाठी वापर होत असल्याची नोंदही जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. चोर अन्नातून धोतरा खाऊ घालतात, माणसाचे भान हरपते आणि मग त्याला लुबाडले जाते, असे वर्णन त्यात आढळते. पुढे एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना धोतरा घालून लुटणाऱ्या टोळ्यांचा उल्लेख सरकारी कागदपत्रांत वारंवार येऊ लागला. त्यामुळेच भारतीय न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोतऱ्याच्या विषबाधेला स्वतंत्र स्थान मिळाले.

वनस्पतीतून शुद्ध द्रव्यापर्यंत

वनस्पतींच्या शरीरात तयार होणारी, नायट्रोजनयुक्त, बहुधा कडवट चवीची आणि प्राण्यांच्या शरीरावर अल्प प्रमाणातही तीव्र परिणाम करणारी जी द्रव्ये आहेत, त्यांना अल्कलॉइड अशी संज्ञा आहे. अफूतील मॉर्फिन, सिंकोनाच्या सालीतील क्विनीन, तंबाखूतील निकोटीन आणि चहा-कॉफीतील कॅफीन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. धोतऱ्यात हायोसायमीन आणि हायोसीन ही दोन अल्कलॉइडे मुख्यत्वेकरून असतात. हायोसायमीन वनस्पतीतून वेगळे काढताना त्याच्या रेणूंच्या रचनेत बदल होतो. मूळचा रेणू आणि आरशातील प्रतिबिंबासारखा त्याचा जोडीदार यांचे सारख्या प्रमाणातील जे मिश्रण त्यातून हाती येते, तेच ॲट्रोपीन होय.

युरोपात बेलाडोना नावाची याच कुलातील वनस्पती आढळते. बेलाडोना या इटालियन शब्दाचा अर्थ ‘सुंदर स्त्री’ असा आहे. तिचा रस डोळ्यांत घातला असता बाहुल्या मोठ्या होऊन डोळे आकर्षक दिसतात, अशी समजूत होती. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला ॲट्रोपा हे नाव दिले. ग्रीक पुराणकथेत आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवतेचे नाव ॲट्रोपॉस असे आहे, त्यावरून ते घेतले आहे. १८३१ मध्ये माइन या जर्मन औषधतज्ज्ञाने या वनस्पतीतून शुद्ध स्फटिकरूपात ॲट्रोपीन मिळविले. पुढे १९०१ मध्ये रिचर्ड विल्श्टेटर यांनी आणि १९१७ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांनी या गटातील द्रव्यांचा मूळ सांगाडा प्रयोगशाळेत तयार केला. रॉबिन्सन यांची रीत इतकी सुटसुटीत होती, की रसायनशास्त्राच्या इतिहासात तिचा आजही आदराने उल्लेख केला जातो.

शुद्ध द्रव्य हाती आल्याचा सर्वांत मोठा लाभ असा, की मात्रा मोजता येऊ लागली. झाडातील अल्कलॉइडांचे प्रमाण जात, जमीन, हवामान, झाडाचे वय आणि झाडाचा भाग यांनुसार बदलत राहते. एका झाडाची पाने आणि शेजारच्या झाडाची पाने यांतही फरक पडू शकतो. त्यामुळे झाडाचा पाला किंवा बी वापरून ‘इतके सुरक्षित, इतके धोक्याचे’ असे सांगणे शक्य नसते. कुपीतील औषधाच्या बाबतीत मात्र मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत हिशेब करता येतो.

शरीरात काय घडते

आपल्या शरीरातील मज्जातंतू स्नायूंना, ग्रंथींना आणि हृदयाला निरोप पोचवितात. हा निरोप पोचविण्याचे काम काही रासायनिक द्रव्ये करतात. ॲसिटिलकोलीन हे त्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य होय. ते मज्जातंतूच्या टोकाशी बाहेर पडते आणि समोरच्या पेशीवरील विशिष्ट जागी किल्लीप्रमाणे जाऊन बसते. त्यायोगे तोंडात लाळ सुटते, डोळ्यांत पाणी येते, घाम फुटतो, आतडी हालचाल करतात, श्वासनलिका आकुंचन पावतात, त्यांत स्राव होतो, डोळ्याची बाहुली लहान होते आणि हृदयाची गती मंदावते. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर ॲसिटिलकोलीनचे तत्काळ विघटन करते, आणि पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी होते.

ॲट्रोपीन हे या कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली आहे. ते जागा अडविते. त्यामुळे खऱ्या किल्लीला प्रवेश मिळत नाही. परिणामी वर सांगितलेल्या सर्व क्रिया उलट दिशेने होऊ लागतात. तोंडाला कोरड पडते, घाम थांबतो, आतडी व मूत्राशय मंदावतात, श्वासनलिका सैल होतात, बाहुली मोठी होते आणि नाडी वेगाने चालू लागते. मात्रा वाढली की मेंदूवरही परिणाम होतो व माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागतो. औषधाचा गुण आणि विषाचा दोष ही एकाच क्रियेची कमी-अधिक प्रमाणे आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

औषध म्हणून उपयोग

नेत्रवैद्यकात ॲट्रोपीनचा उपयोग फार दिवसांपासून होत आला आहे. डोळ्याच्या आतील पडद्याला सूज आली असता बाहुली मोठी ठेवण्यासाठी त्याचे थेंब किंवा मलम वापरतात. त्याचा परिणाम आठवडा ते दोन आठवडे टिकत असल्यामुळे नेहमीच्या तपासणीसाठी आता लवकर उतरणारी दुसरी औषधे घेतली जातात. मुलांमधील लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधूक दिसण्याचा दोष, वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी अत्यंत सौम्य द्रावणाचा उपयोग होऊ शकतो, असे सिंगापूरमधील अभ्यासांतून पुढे आले. नंतरच्या सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष सारखे आलेले नाहीत. म्हणून हा उपचार नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावयाचा असतो.

हृदयाची गती धोकादायक रीतीने मंदावली असता ॲट्रोपीनची सुई देतात. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरविण्यासाठी जे दुसरे औषध देतात, त्याचे हृदयावरील अनिष्ट परिणाम टाळण्यासाठीही ते दिले जाते. याच गटातील हायोसीन प्रवासातील मळमळीवर उपयोगी पडते, आणि त्यापासून बनविलेले एक औषध पोटातील मुरड्यावर वापरले जाते.

दम्याच्या बाबतीतील इतिहास भारताशी निगडित आहे. मद्रास येथील इंग्रज वैद्य डॉ. अँडरसन हे धोतऱ्याचा धूर दम्याच्या रोग्यांना देत असत. येथील ही वनस्पती १८०२ मध्ये जनरल जेंट यांच्यामार्फत ब्रिटनमध्ये पोचली आणि धोतऱ्याच्या विड्या तेथे दीर्घकाळ दम्यावर वापरल्या गेल्या. धुरातून नेमकी किती मात्रा शरीरात जाते हे कळत नसल्यामुळे आणि धूर फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे हा उपचार मागे पडला. त्यामागील तत्त्व मात्र टिकून राहिले. ॲट्रोपीनच्या रचनेत बदल करून तयार केलेले इप्राट्रोपियम हे श्वासावाटे घ्यावयाचे औषध १९७० च्या दशकात वापरात आले. ते रक्तात फारसे शोषले जात नाही व मेंदूत सहसा पोचत नाही, त्यामुळे श्वासनलिकेपुरतेच काम करते. दम्यासाठी आजही धोतऱ्याची पाने ओढणारे लोक क्वचित आढळतात. त्यांना आरोग्य केंद्रात पाठविणे हेच हिताचे ठरेल.

कीटकनाशकाच्या विषबाधेवरील उतारा

महाराष्ट्राच्या दृष्टीने ॲट्रोपीनचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग हा आहे. जर्मनीत १९३० च्या दशकात गेरहार्ट श्राडर हे कीटकनाशकांचा शोध घेत असताना त्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील अतितीव्र संयुगे सापडली. त्यांतील काहींचा युद्धातील विषारी वायू म्हणून विचार झाला. इतर अनेक संयुगे शेतीत आली. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही त्या गटातील नावे कापूस उत्पादकांना चांगली परिचित आहेत.

ही द्रव्ये कोलिनेस्टरेज विकराला निकामी करतात. ॲसिटिलकोलीनचे विघटन थांबते, ते साचत जाते आणि निरोप अखंड चालू राहतो. रोग्याच्या तोंडातून लाळ व फेस येतो, अंग घामाने भिजते, डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या व जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंद होते आणि छातीत स्राव साचून घरघर लागते. रोगी जणू आपल्याच फुप्फुसातील पाण्यात बुडू लागतो. अशा वेळी ॲट्रोपीन दिले असता छाती कोरडी होते, श्वास मोकळा होतो आणि हृदय सावरते. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सॅरिन हा याच जातीचा विषारी वायू सोडण्यात आला, तेव्हाही रुग्णालयांनी ॲट्रोपीनचाच आधार घेतला होता.

या विषयाचे गांभीर्य दोन घटनांवरून ध्यानात येते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुलांना प्राण गमवावे लागले. तपासणीत तेलात व अन्नात मोनोक्रोटोफॉस आढळले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी पिकाची वाढ माणसाच्या उंचीइतकी झाली होती आणि फवाऱ्याचे तुषार चेहऱ्यावर येत होते. शिवाय अनेक ठिकाणी निरनिराळी औषधे एकत्र मिसळून फवारली गेली होती.

यवतमाळच्या अनुभवातून एक मुद्दा स्पष्ट होतो. ॲट्रोपीन हा सर्व कीटकनाशकांवरील उतारा नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांच्या विषबाधेत त्याचा उपयोग होतो. इतर गटांच्या बाबतीत उपचार वेगळे असतात. म्हणून रोग्याबरोबर कीटकनाशकाचा डबा, त्यावरील चिठ्ठी व माहितीपत्रक रुग्णालयात पोचणे अत्यावश्यक ठरते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो, आणि माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे व उतारा नमूद केलेला असतो. लाल त्रिकोण सर्वाधिक विषारीपणा दर्शवितो. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे.

मात्रेचा प्रश्न

या उपचारात मात्रेचा प्रश्न नाजूक असतो. ॲट्रोपीनच्या नेहमीच्या कुपीत ०.६ मिलिग्रॅम औषध असते. निरोगी माणसाला एवढ्यानेही तोंड कोरडे पडल्याचे जाणवते. कीटकनाशकाच्या तीव्र विषबाधेत मात्र प्रौढ रोग्याला सुरुवातीलाच १ ते ३ मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि दर पाच मिनिटांनी तपासणी करून, सुधारणा नसल्यास मात्रा दुप्पट करीत जातात. छातीतील घरघर थांबणे, नाडी व रक्तदाब समाधानकारक होणे ही थांबण्याची खूण असते. त्यानंतर थेंबाथेंबाने औषध चालू ठेवतात. बांगलादेशात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या ठराविक पद्धतीने औषध दिलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण २२.५ टक्के होते, तर वाढत्या मात्रेने व नंतर सतत औषध दिलेल्यांत ते ८ टक्के आढळले. औषध तेच होते. देण्याच्या रीतीत फरक होता.

मात्रा कमी पडली तर रोगी गुदमरतो. अधिक झाली तर ताप चढतो, भ्रम होतो, पोट फुगते आणि लघवी तुंबते. घाम येणे थांबलेले असल्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात असा ताप विशेष घातक ठरू शकतो. म्हणून रोग्याजवळ सतत लक्ष ठेवणारी व्यक्ती असणे हा उपचाराचाच भाग होय.

ॲट्रोपीनची आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. हातापायांच्या व श्वासाच्या स्नायूंना जो निरोप जातो, तेथील कुलूप वेगळ्या जातीचे असते व त्यात ॲट्रोपीन बसत नाही. त्यामुळे स्नायूंच्या लुळेपणावर त्याचा इलाज चालत नाही. कृत्रिम श्वासयंत्राची गरज पडू शकते. प्रॅलिडॉक्झिम हे निकामी विकर पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी देतात, परंतु त्याच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये असे दाखवून दिले, की आरंभीची लक्षणे ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी काही रोग्यांचे श्वासाचे स्नायू एकाएकी दुर्बल होतात. ‘आता बरे वाटते, घरी नेतो’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, यामागील कारण हे आहे.

धोतऱ्याची विषबाधा

धोतऱ्याच्या विषबाधेची लक्षणे कीटकनाशकाच्या विषबाधेच्या नेमकी उलट असतात. तेथे अंग ओले असते, येथे कोरडे. तेथे बाहुली बारीक, येथे विस्फारलेली. तेथे नाडी बहुधा मंद, येथे जलद. घशाला कोरड पडून गिळता येत नाही, चेहरा लाल होतो, अंग तापते, अंधूक दिसते, पाय लडखडतात. रोगी असंबद्ध बडबडतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, अंथरूण चाचपतो आणि बोटांतून दिसत नसलेले धागे ओढल्यासारख्या हालचाली करतो. पुढे झटके येऊन बेशुद्धी येऊ शकते.

ही लक्षणे पाहून पुष्कळदा भूतबाधेची शंका घेतली जाते आणि उतारे-अंगारे करण्यात मोलाचे तास निघून जातात. एकाच घरातील किंवा एकाच पंगतीतील अनेक माणसे एकाच वेळी अशी वागू लागली, तर अन्नातून विष गेले असावे, हा विचार प्रथम मनात यावयास हवा. लहान मुले खेळताना फळ फोडून बिया खातात. काही ठिकाणी पाला भाजी समजून शिजविला जातो. भांग किंवा इतर नशेच्या पदार्थांत धोतरा मिसळल्यानेही अपघात होतात. शिजविल्याने विष नाहीसे होते, हा समज निराधार आहे.

रुग्णालयात रोग्याला शांत ठेवणे, ताप उतरविणे, लघवी मोकळी करणे आणि झटके थांबविणे असे उपचार करतात. निवडक रोग्यांना फायसोस्टिग्मीन देण्यात येते. हेही आफ्रिकेतील कॅलाबार या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून मिळालेले अल्कलॉइडच आहे, आणि त्याची क्रिया ॲट्रोपीनच्या विरुद्ध आहे. १८६४ मध्ये प्राग येथे ॲट्रोपीनची विषबाधा झालेल्या रोग्यावर कॅलाबारच्या अर्काचा उपयोग करण्यात आला होता. वेळेवर उपचार मिळाल्यास धोतऱ्याची विषबाधा झालेले बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ॲट्रोपीन हा कीटकनाशकावरील उतारा आहे, म्हणून विषबाधा झालेल्या माणसाला धोतऱ्याचा रस किंवा बी देणे हा उपाय होऊ शकत नाही. मात्रा मोजता येत नाही, अल्कलॉइडांचे मिश्रण निराळे असते आणि उलट्या होत असलेल्या रोग्याच्या श्वासनलिकेत रस उतरण्याचा धोका असतो. एका विषावर दुसऱ्या विषाची भर पडेल, इतकेच.

डोळ्यांत घालावयाच्या औषधाविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. १ टक्का द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम ॲट्रोपीन असते, म्हणजे सुईच्या सोळा कुप्यांहूनही अधिक. लहानशी बाटली मुलाने तोंडाला लावली तरी जीव धोक्यात येऊ शकतो. काचबिंदूची प्रवृत्ती असलेल्यांनी आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या वृद्धांनी तशी माहिती डॉक्टरांना आधी द्यावी.

धान्यात मिसळणारे बी

धोतरा हे शेतातील तणही आहे. पिकाबरोबर त्याची फळे कापली गेली, की बी धान्यात मिसळते. २०१९ मध्ये युगांडाच्या करामोजा भागात मदत म्हणून वाटण्यात आलेल्या, धान्य व सोयाबीनपासून बनविलेल्या पौष्टिक पिठामुळे सुमारे ३०० जण आजारी पडले आणि ५ जणांचा मृत्यू झाला. त्या पिठात धोतऱ्याच्या गटातील अल्कलॉइडे आढळली. सोयाबीन हे महाराष्ट्राचेही प्रमुख पीक असल्याने या घटनेची नोंद घेणे उचित ठरेल. फळे धरण्यापूर्वी हे तण उपटणे आणि मळणीनंतर धान्य चाळून घेणे, हे दोन साधे उपाय पुरेसे आहेत.

धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते. म्हणून दोहोंतील भेद ठाऊक असावा. मिरचीचे बी लहान, पातळ व फिकट पिवळे असते. धोतऱ्याचे बी त्याहून मोठे, जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे व तपकिरी छटेचे असून त्याची बाहेरची कड दुहेरी धारेची असते. शंका आल्यास बी चाखून पाहू नये; ते कागदात बांधून आरोग्य केंद्रात न्यावे.

गावपातळीवर काय करता येईल

पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या हातात या बाबतीत पुष्कळ काही आहे. शाळा, अंगणवाडी आणि पाणवठा यांच्या परिसरातील धोतऱ्याची झुडपे पावसाळ्यात व त्यानंतर उपटून टाकता येतात. पूजेसाठी आणलेली फुले व फळे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि नंतर निर्माल्याबरोबर उघड्यावर न टाकता पुरावीत. शाळेत विज्ञानाच्या तासाला परिसरातील विषारी वनस्पतींची ओळख करून द्यावी. ती ओळख पुस्तकातील चित्रावर न थांबता बांधावरील झाडापर्यंत पोचली पाहिजे. कीटकनाशकाचा रिकामा डबा पाणी, तेल किंवा धान्य ठेवण्यासाठी कोणीही वापरू नये, ही गोष्ट ग्रामसभेत फवारणीच्या हंगामापूर्वी आवर्जून सांगितली जावी. शाळेच्या स्वयंपाकघरात अनोळखी डब्यातील कोणताही पदार्थ वापरला जाऊ नये.

कीटकनाशकाची बाधा झालेल्या व्यक्तीस प्रथम मोकळ्या हवेत आणावे. तिचे भिजलेले कपडे काढावेत आणि अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने आपल्या हातांना औषध लागू देऊ नये. रोग्याला कुशीवर निजवावे. मिठाचे पाणी, दूध किंवा तूप पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा व माहितीपत्रक बरोबर द्यावे. धोतऱ्याच्या बाबतीत रोग्याला सावलीत, शांत जागी ठेवावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे, तो विहिरीकडे किंवा रस्त्याकडे धावणार नाही अशी काळजी घ्यावी आणि उरलेले फळ, बी किंवा अन्न त्याच्यासोबत पाठवावे. दोन्ही बाबतींत विष केव्हा व किती पोटात गेले, याची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आरोग्य केंद्राकडूनही काही अपेक्षा आहेत. एका गंभीर रोग्याला पहिल्या तासातच ॲट्रोपीनच्या अनेक कुप्या लागू शकतात. फवारणीच्या हंगामात हा साठा पुरेसा आहे काय, त्याची मुदत संपलेली नाही ना, प्राणवायूची सोय आहे काय आणि रोग्याला पुढे कोठे पाठवावयाचे हे ठरले आहे काय, याची विचारणा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जून महिन्यातच व्हावी. रोगी दारात आल्यावर कुप्या शोधण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत. आपल्या केंद्रातील कपाटात आज किती कुप्या आहेत, हा प्रश्न पंचायतीच्या कोणत्याही सदस्याला विचारता येईल, आणि पहिल्या फवारणीपूर्वी तो विचारला गेला पाहिजे.